जनार्दनने लिहिलेली शेवटची खूण

मी या सदरातले अनुभव नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला वाचतो. पिंपळावरची बाई, रिकाम्या खोलीतली पावलं... असलं काही वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, कॅमेरा कुठे लावला होता? माझा धंदाच तो आहे. मुरुडला एसटी स्टँडपासून चार पावलांवर माझं दुकान आहे. मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही बसवणं, आणि गेली तीनेक वर्षं एक काचेचं कपाट भरून 'प्रायव्हसी'चा माल. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणं, परक्या चार्जरमधून फोनमधली माहिती जाऊ नये म्हणून मध्ये लावायचा छोटा तुकडा, आकडे दाबून उघडायचे पेन ड्राइव्ह, सिग्नल अडवणारी पाकिटं. वडील शाळामास्तर होते. आमच्या घरात ना नवस झाले, ना अंगारे आले. त्यामुळे हे लिहिताना मला थोडी लाजच वाटतेय.

जनार्दन माझ्या वर्गातला. कोळीवाड्यात घर, फायबरची लहान होडी, आणि एकट्याने गळ टाकून मासे धरायचा. सगळे जाळी घेऊन जायचे तिथे हा गळ घेऊन जायचा आणि तरी सगळ्यांपेक्षा मोठी घोळ मासळी आणायचा. कारण त्याच्याकडे खुणा होत्या. समुद्राच्या तळाशी जिथे खडक असतो तिथे मोठी मासळी थांबते, आणि तो खडक नेमका कुठे आहे हे ज्याला माहीत, तो राजा. पूर्वी डोंगर आणि माड जुळवून खुणा लक्षात ठेवत, आता हातातल्या जीपीएसवर आकडे दिसतात. जनार्दनकडे त्याच्या बापाच्या आणि स्वतःच्या मिळून साठ-सत्तर खुणा होत्या. बायकोच्या दागिन्यांना कुलूप नव्हतं, पण या आकड्यांपायी माणसाची झोप उडाली होती.

त्याला संशय होता की दुसरे लोक त्याच्या फोनवरून त्याचा माग काढतात. तो संशय अगदी खोटाही नव्हता. कुणीतरी गोड बोलून त्याच्या फोनवर लोकेशन चालू करून ठेवलं होतं, मीच ते शोधून काढलं. मग मला चेव आला. मी त्याला दोन वस्तू विकल्या. एक, आकड्यांचा पेन ड्राइव्ह. त्याच्या अंगावरच बटणं असतात, बरोबर आकडे दाबले की हिरवा दिवा लागतो, आणि लागोपाठ दहा वेळा चुकलात की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं. आणि दुसरी, सिग्नल अडवणारं पाकीट. जाड, आतून चंदेरी कापडाचं, गळ्यात अडकवायची दोरी असलेलं. फोन त्यात टाकला की तो जगाच्या दृष्टीने नाहीसा. मी त्याला दुकानात करून दाखवलं, तोंड नीट दोनदा घडी घालून पट्टी घट्ट दाबायची, नाहीतर सिग्नल गळतो. त्याने माझ्यासमोर चार वेळा घडी घालून पाहिली.

दर महिन्याला तो नवीन खुणा लिहायला दुकानात यायचा. माझ्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह लावायचा आणि मला बाहेर टपरीवर चहाला पिटाळायचा. आकडे दाबताना पाठ करून उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, मला तरी सांग, उद्या विसरलास तर?"

"तुलाच न्हाय सांगायचा," तो म्हणाला, "तू अख्ख्या मुरुडचे फोन उघडतोस."

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तो पहाटे होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. त्या दिवशी ना वारा होता, ना लाट. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यातल्या दहा-बारा होड्या निघाल्या. शनिवारी आणखी निघाल्या, पोलीसही आले. फोनचा तपास केला तर शेवटचा सिग्नल घराजवळचा, शुक्रवारी पहाटेचा. त्यानंतर काहीच नाही. एक हवालदार म्हणाला, फोन बंद का केला असेल? मी तिथेच उभा होतो. मला माहीत होतं, बंद नव्हता केला, माझ्या पाकिटात टाकला होता. आणि मी गप्प बसलो. का बसलो ते आज विचाराल तर भीती, दुसरं काही नाही. रविवारी दुपारी जाऊन सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, आता सांगून उपयोग काय.

जनार्दनची बायको सुनंदावहिनी, मुलगी आणि म्हातारी आई असं घर. आईने पहिल्याच दिवशी सुनेला बजावलं होतं, मढं डोळ्यांनी दिसल्याशिवाय रडायचं नाही, रडलीस तर दर्या त्याला ठेवून घेईल. वहिनी रडल्या नाहीत. तीन दिवस त्या बाई भात शिजवत होत्या, ताट वाढून झाकून ठेवत होत्या. हातात बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि डोळे कोरडे. माणूस गेलेला बरा असं मी कधी म्हटलं नसतं, पण त्या घरात बसून मला तसं वाटलं. निदान त्यांना रडता तरी आलं असतं.

रविवारी संध्याकाळी वहिनींनी देव्हाऱ्यातल्या डब्यातून तो पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला. जनार्दन तो समुद्रावर कधीच नेत नसे. होडी बुडाली तरी खुणा बुडू नयेत, असं त्याचं म्हणणं. आत कुठले खडक लिहिलेत ते कळलं तर शोधायला दिशा तरी मिळेल, असा विचार. आम्ही लग्नाची तारीख टाकली, मुलीची जन्मतारीख टाकली, होडीचा नंबर, बापाच्या होडीचा नंबर, फोन नंबराचे शेवटचे आकडे... नऊ वेळा लाल दिवा लागला. मी हात मागे घेतला. दहावी चूक झाली असती तर त्या माणसाचं आणि त्याच्या बापाचं सगळं आयुष्य पुसलं गेलं असतं.

"एक ऱ्हायलाय ना?" वहिनींनी विचारलं. "ऱ्हाऊ दे. तुमच्याकडंच ठेवा."

मी तो दुकानात आणून काउंटरच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं. खणावर माझ्याच कॅमेऱ्याची नजर असते. दुकानात चार कॅमेरे आहेत, लोहाराच्या घरी विळी बोथट असते म्हणतात तसं माझं नाही.

सोम, मंगळ, बुध गेले. शोधायला जाणाऱ्या होड्या कमी होत गेल्या. लोकांचीही पोटं आहेत. सगळे लांब पश्चिमेला, दक्षिणेला शोधत होते, कारण जनार्दन काठाजवळ मासे धरत नाही हे सगळ्यांना माहीत. गुरुवारी दुपारी, दीड वाजून गेला असेल, मी शटर अर्धं ओढून जेवायला बसणार होतो. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उचकटायला जाडा स्क्रू ड्रायव्हर हवा होता, तो खणात असतो. मी चावीने खण उघडला.

ड्राइव्हचा दिवा हिरवा होता.

हे मी पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. हिरवा दिवा बरोबर आकडे दाबल्याशिवाय लागत नाही. आणि लागल्यावर अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटरला जोडला नाही तर तो पुन्हा कुलूपबंद होतो. म्हणजे कुणीतरी नुकतेच, बंद खणात, आकडे दाबले होते. घाईत एकदा तोंड उलटं लागलं, पण दिवा विझायच्या आत तो जोडला गेला.

आत एकच फाइल. एकेका ओळीत खुणेचं नाव आणि आकडे. बापाचा खडप, म्हातारीचा दगड, सुनंदाची खूण... असं स्वतःच ठेवलेलं. सगळ्यात शेवटच्या ओळीला नाव नव्हतं, फक्त आकडे होते. आणि फाइलमध्ये शेवटचा बदल झाल्याची वेळ दिसत होती, शुक्रवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. तो शुक्रवार. जेव्हा हा ड्राइव्ह देव्हाऱ्यातल्या डब्यात होता आणि त्या घरात कॉम्प्युटर नाही.

मी त्या ओळीचा कागदावर उतारा केला आणि पळत कोळीवाड्यात गेलो. जनार्दनचे चुलते धर्माकाका जुने तांडेल, अख्खी हयात होडीवर गेलेली. त्यांनी आकडे पाहिले आणि मान हलवली. म्हणाले, ही जागा नांदगावच्या समोर, काठापासून जेमतेम दोन-तीन मैल, तिथे त्याचं काय काम. तेव्हा वहिनी पुढे आल्या. हलक्या आवाजात त्यांनी सांगितलं की जनार्दनच्या सगळ्या खुणा खोट्या लिहिलेल्या असतात. बापाने शिकवलेली रीत, पूर्वेच्या आकड्यातून, म्हणजे रेखांशाच्या मिनिटांतून, पाच कमी करून लिहायचं, जाताना पाच मिळवायचे. म्हणजे कागद चोरीला गेला तरी चोर भलत्याच पाण्यात गळ टाकत बसेल. लग्नानंतर एकदाच त्याने त्यांना हे सांगितलं होतं. माझ्या कुलपाच्या आत त्याने आणखी एक कुलूप घालून ठेवलं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी फोनवरच्या नकाशात पाच मिळवून पाहिले. खूण जमिनीवर आली, थेट फणसाडच्या जंगलात. मी म्हटलं, चुकलंय काहीतरी. वहिनींनी कागद माझ्या हातातून घेतला आणि आकड्यांवर बोट ठेवलं.

"मंग ह्यो त्यानं खरा लिवलाय," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी ओहोटीला धर्माकाकांच्या होडीतून आम्ही गेलो. मी कशाला गेलो मला माहीत नाही, मला होडी लागते. कागदावरच्या जागी पोचलो तर पाण्याबाहेर हातभर काहीतरी दिसत होतं. जनार्दनच्या होडीचं पुढचं टोक. भरतीला ते पाण्याखाली जात असणार, म्हणून जवळून गेलेल्या होड्यांनाही दिसलं नसावं. नांगर खडकात अडकला होता, होडी मागून भरून बुडाली होती, आणि नांगराच्या दोरात त्याचा पाय होता. तो नवीनच खडक होता, धर्माकाकांनाही ठाऊक नव्हता. काठाजवळची नवी खूण सापडली म्हणून तिथे थांबला असेल. बाकी काय अवस्थेत होता ते लिहीत नाही.

बंदरावर आणल्यावर वहिनी रडल्या. आठ दिवसांचं एकदम. म्हातारी त्यांना धरून बसली होती आणि म्हणत होती, "रड आता, रड बाय." मी तिथून उठून बाजूला गेलो, कारण मलाही आवरत नव्हतं.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. रविवारपासून गुरुवारपर्यंतचं खणाचं सगळं चित्रण मी पाहिलं, एकेक तास. गुरुवारी दुपारी मी चावी लावेपर्यंत खण कुणी उघडला नाही, मीसुद्धा नाही. पनवेलला माझा मावसभाऊ याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, आतल्या चिपमध्ये बिघाड होऊन कुलूप आपोआप उघडू शकतं, घड्याळही चुकू शकतं. उघडू शकतं, मान्य. पण बिघाडाला जागा कशी माहीत? यावर तो म्हणाला, जनार्दनने ती आधीच कधीतरी लिहिली असेल. असेलही. मग पाच कमी का केले नाहीत? साठ-सत्तर ओळींत एकदाही न चुकलेला माणूस.

ड्राइव्ह त्याच दिवशी पुन्हा कुलूपबंद झाला. वहिनींना परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, नको, त्याने सांगायचं ते सांगितलं. तो अजून माझ्या खणात आहे, दिवा नाही.

मी निघताना त्यांनी मला एक पिशवी दिली. दवाखान्यातून मिळालेल्या वस्तू होत्या. "भाऊ, ह्याच्यात त्याचा फोन हाय, चालू होतो का बघा, पोरीचे फोटो हायेत," म्हणाल्या. फोन खाऱ्या पाण्याने गेला होता. तो माझ्या पाकिटातच होता. मी शिकवलेल्या दोन घड्यांपैकी वरची सुटलेली होती, आणि पट्टी अर्धी उघडलेली.

त्या जागेवरून नांदगावचा मोबाइल टॉवर स्वच्छ दिसतो. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे माझ्या फोनला पूर्ण सिग्नल होता, मी पाहिलं होतं. पाकिटातून बाहेर काढता आला असता तर त्याचाही फोन लागला असता.

वहिनींना मी फक्त फोटो निघत नाहीत एवढं सांगितलं. कपाटातली उरलेली पाकिटं काढून टाकली. कुणी मागितलंच तर म्हणतो, माल येत नाही.

शेवटची ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, दिवा कसा लागला, मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा. पट्टी अर्धी का उघडली होती ते मात्र मला माहीत आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.