हवालदाराचा उजवा दात

"आज रिकामा पट्टा घिऊनच घरी जायाचं ठरवून आलोय."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी आमच्या कंपाउंडरकाकांना सांगत होतं. मी आत इंजेक्शनचा ट्रे लावत होते. आवाज ओळखीचा होता. वडूजचे नायब सुभेदार, आर्मीतून रिटायर झालेले. त्यांचा सात वर्षांचा कारवान जातीचा शिकारी कुत्रा, नाव हवालदार. "आमच्या हाताखाली कुणीतरी पायजेच की," असं त्यांनी पहिल्या भेटीत नावाचं कारण सांगितलं होतं.

आमचं क्लिनिक सांगलीत, विश्रामबागला. क्लिनिक सरांचं. माझ्या वयापेक्षा त्यांची प्रॅक्टिस जुनी. मी असिस्टंट, व्हेट होऊन दीड वर्ष झालेली.

हवालदाराच्या उजव्या डोळ्याखाली सूज यायची. फुटायची, पू वाहायचा. सर अँटिबायोटिक द्यायचे, आठवड्याभरात सुकायचं. महिन्याभरानं पुन्हा तेच. ही चौथी वेळ. गेल्या खेपेला सर म्हणाले होते, हाडातला ट्यूमर असू शकतो. सुभेदारांनी ते निमूट ऐकून घेतलं होतं आणि घरी जाऊन निर्णय घेतला होता.

"कन्सेंट फॉर्म काढ," सर मला हळू आवाजात म्हणाले. "झोपवायचंय."

झोपवायचं म्हणजे औषध देऊन शांतपणे मरण द्यायचं. तो फॉर्म बाहेरच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. मी तो आणायला गेले.

सुभेदार पाठ ताठ करून बसले होते. त्यांनी खिशातून काळपट, वाकडा तुकडा काढला आणि हवालदाराच्या तोंडात दिला.

"हे काय आहे?"

"खूर. बैलाला नाल-पत्री मारताना तासत्यात, त्याचं तुकडं. वाळवून ठेवतो. ह्यावरच वाढलाय गडी. दात बघा कसं, लोखंड हाय!" मग खाली बघत म्हणाले, "आज शेवटचं म्हणून आणलं."

हवालदारानं तुकडा घेतला, मान तिरकी केली आणि डावीकडून चावायला लागला. एकदा तुकडा उजवीकडे सरकला. तो थांबला. जिभेनं तो परत डावीकडे ढकलला आणि मगच चावला. असं तीनदा झालं. मी ड्रॉवर उघडून तशीच उभी होते. मग बंद केला आणि फॉर्म न घेताच आत गेले.

"सर, एक एक्स-रे काढू या का? भूल देऊन. तोंडाचा."

"अगं, ते मनाची तयारी करून आलेत. आता आशा लावून ताणू नकोस."

"तो उजव्या बाजूनं चावतच नाही, सर."

सरांनी चष्मा काढला. "दात हलतोय का?"

"तो हातच लावू देत नाही. पण ते त्याला वाळलेले खूर देतात. लहानपणापासून."

इथे थोडं समजावून सांगते. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात मागे एक मोठा दात असतो, अन्न कातरायचा. त्याला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालीच येतात. फार कठीण वस्तू चावली की या दाताचा कपचा उडतो. वर कीटणाचा कडक थर चढलेला असला तर ओठ उचलूनही कळत नाही. उघड्या पडलेल्या भागातून जंतू मुळापर्यंत जातात आणि पू गालातून वाट काढतो. अँटिबायोटिकनं पू थांबतो. दात तिथेच राहतो.

"आणि ट्यूमरच निघाला तर?" सरांनी विचारलं.

"तर त्याला भुलीतून उठवायचं नाही. आज जे होणार होतं तेच उद्या होईल."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. "हे तू सांग त्यांना. मी नाही."

मी सांगितलं. असं काही समोरासमोर सांगायची वेळ आली की माझी वाक्यं अर्धवट राहतात. तेव्हाही राहिली. खुराचं सांगितलं तेव्हा त्यांनी खिशावर हात ठेवला.

"म्हंजे मीच केलं व्हय हे?"

"तुम्ही लाडानं दिलं."

"ते ऱ्हाऊ द्या बाई. उठंल का तो, तेवढं सांगा."

"माहीत नाही. पण बघितल्याशिवाय झोपवू नये असं मला वाटतं."

त्यांनी भुलीच्या फॉर्मवर सही केली. ती रात्र ते सांगलीतच पाहुण्यांकडे राहिले. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी हवालदाराला भूल दिली. मी कीटण खरवडलं आणि दाताला गेलेला तडा दिसला, वरपासून हिरडीच्या आतपर्यंत. एक्स-रेमध्ये मुळांच्या टोकांशी काळा डाग. हाड बाकी सगळीकडे चांगलं होतं, ट्यूमरची खूण नव्हती. सर फिल्मकडे बघून फक्त "हं" म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या डेंटल मशीनवरचं कापड स्वतः काढून मशीन माझ्याकडे सरकवलं.

तीन मुळांचा दात सरळ ओढला तर मूळ आत तुटतं. म्हणून त्याचे ड्रिलनं तीन भाग करायचे आणि एकेक मूळ हळूहळू सैल करत काढायचं. वर डोळा आहे हे हाताला सतत माहीत असावं लागतं. दीड तास लागला. शेवटचं मूळ अख्खं बाहेर आलं तेव्हा सर म्हणाले, "टाके पण तूच घाल."

हवालदार उठला, आधी अडखळला, मग सुभेदारांच्या बुटांवर डोकं ठेवून पडून राहिला. सुभेदार तो चालू लागेपर्यंत पाय न हलवता बसून होते.

पंधरा दिवसांनी चेकिंगला आले तेव्हा डोळ्याखालची जखम भरली होती. अँटिबायोटिक बंद होतं. हवालदारानं आमच्या वजनकाट्यावर चढायला साफ नकार दिला आणि कंपाउंडरकाकांना क्लिनिकभर पळवलं.

मी यातून एवढंच शिकले की डोळ्याखाली सूज दिसली की आधी दात बघावा, आणि जनावर काय खातं यासोबत कोणत्या बाजूनं खातं हेही विचारावं. सरांनी हे दोन्ही प्रश्न आता केसपेपरवर छापून घेतलेत.

त्याच आठवड्यात क्लिनिकचा फोन वाजला. मी उचलला.

"हॅलो, वडूजहून बोलतोय. आमच्या कुत्रीच्या बी डोळ्याखाली सुजलंय. सुभेदारांच्या हवालदाराचा दात काढला ते डाक्टर पायजेत."

असे फोन मी नेहमी सरांकडे देते. सवयीनं त्यांनी हात पुढेही केला होता. मी रिसीव्हर कानाला तसाच ठेवला.

"बोला," मी म्हणाले, "मीच ती डॉक्टर."