तोंडात घालायचं पाणी

शुक्रवारी दुपारी माझे पती वारले. सूर्य मावळायच्या आधी आम्ही त्यांना पुरलं. दिवेलागणीला त्यांची आई पोचली.

आम्ही अ‍ॅडव्हेंटिस्ट, ख्रिश्चनांतला एक लहान पंथ. आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. तेवढ्या वेळात आम्ही दुकानात जात नाही, कामाला हात लावत नाही, दुसऱ्याला लावायला सांगत नाही. सांगलीच्या आमच्या मंडळीत माणसं थोडी. पास्टर साताऱ्याकडचे, तिकडच्या मंडळ्या सांभाळून ते महिन्यातून एखाद्या शनिवारी येतात. बाकीच्या शनिवारी उपदेश माझे पतीच वाचत. ते मंडळीचे एल्डर होते. त्याचा पगार नव्हता. प्रार्थनेच्या खोलीची किल्ली मात्र त्यांच्याकडे असे. ती खोली म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची मागची बाजू. पावसाळ्यात भिंतींना अजून पिठाचा वास येतो.

ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बोलता येत नव्हतं. लहान मुलांची पाटी असते तशी एक मी दवाखान्यात नेऊन दिली होती. शेवटच्या आठवड्यात तिच्यावर त्यांनी लिहिलं, शुक्रवारी गेलो तर शुक्रवारीच पुरा, माझ्यासाठी शब्बाथाला कुणाच्या हातात कुदळ देऊ नका. मी विचारलं, "आणि आत्या?" सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्या भागात तशीच रीत आहे. त्यांनी आधीचं सगळं हातानं पुसून काढलं. मग लिहिलं, आई समजून घेईल.

त्या शुक्रवारी आत्या घरी नव्हत्या. त्यांचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस नसलेल्या भागात. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्या मेंढरांमागे लांबच्या माळावर होत्या आणि तिथे फोन लागत नव्हता. धाकट्या दिरानं मोटारसायकल काढून त्यांना शोधलं, घरी आणलं, मग कुणाचा तरी टेम्पो मिळवला. निघण्याआधी आत्यांनी एकच गोष्ट केली. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घासली आणि तिच्यात घरच्या विहिरीचं पाणी भरून घेतलं. माणूस गेलं की रक्तानात्यातल्या प्रत्येकानं त्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं. आईनं तर घालायचंच असतं.

दफनभूमीतून परत येऊन आम्ही हातपाय धुतले होते. शब्बाथ लागताना एक गीत म्हणतात, ते म्हणायला माणसं आमच्या पुढच्या खोलीत बसली होती. आत्या आत आल्या. बाटली पदराखाली धरलेली.

"कुठं हाय?" त्या म्हणाल्या.

मंडळीतले सगळ्यांत वयस्क गृहस्थ, एसटीत कंडक्टर होते, ते उठले आणि त्यांनी काय झालं ते सांगितलं. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुरलं त्येचं मला काय न्हाई. आमच्यात बी पुरत्यात. पर तोंड दावल्याबिगर न्हाई पुरत. चला. माती काडा."

"मावशी, आता सूर्य मावळला. आमचा शब्बाथ लागला."

"म्हंजे काय झालं?"

"आमचा पवित्र दिवस. आता खणता येत नाही."

"आवं, पुरताना आला न्हवता व्हय तुमचा दिवस? म्हातारी दिसली, लगेच आला?"

"थोडक्यात चुकलं, मावशी."

"तुमचं न्हाई चुकलं," आत्या म्हणाल्या. "तुमचं समदं येळेवर झालं."

त्या शुक्रवारी गीत झालं नाही.

हे सगळं समजायचं तर माझे पती या मंडळीत कसे आले ते सांगायला हवं. ते तरुणपणी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. गालात कायम तंबाखू असे, मेंढरांमागे लागलेली सवय. आमच्या मंडळीनं तेव्हा कारखान्यांच्या भागात तंबाखू सोडवायचं शिबिर घेतलं होतं. संध्याकाळची पाच व्याख्यानं, सोबत लिंबूपाणी. ते फुकटच्या लिंबूपाण्यासाठी आले, असं स्वतःच सांगत. तंबाखू सुटली. पुढे मटण सुटलं, कारण आमच्यातले बरेच जण मांस खात नाहीत. बाप्तिस्मा घेऊन ते गावी गेले तेव्हा धाकट्या भावानं अंगणातच गाठलं.

"दादा, लोकं म्हणत्यात तू ख्रिश्चन झालास. व्हय?"

"व्हय."

"आन् मटण सोडलंस?"

"व्हय."

"गड्या, मग मिळवलंस काय?"

हा किस्सा ते दर शिबिरात सांगत आणि लोक हसत. आत्या तेव्हा रागावल्या नव्हत्या. पोरानं तंबाखू सोडली यातच त्यांना सगळं आलं. "कुठल्या का द्येवानं सोडवंना," त्या म्हणाल्या होत्या.

मी पाचगणीला वसतिगृहात शिकले, सांगलीत एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. आमचं लग्न मंडळीनंच जमवलं. मूल झालं नाही. शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की ते रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घालून निघत. कुपवाडच्या चाळींतून म्हातारी माणसं त्यांची वाट बघत. दाराशी खाट ओढून हात पुढे करत आणि "एल्डर, हिचा बी बगा, लय चिडती," म्हणून बायकांना पुढे ढकलत. त्या भेटींमधून मंडळीत कोणी आलं का? फार थोडे आले. आलेल्यांची मुलं पुण्याला गेली, काहींच्या परीक्षा आणि ड्यूट्या शनिवारी पडू लागल्या, दोन कुटुंबं रविवारच्या चर्चमध्ये गेली, तिथे मुलांची लग्नं जमतात म्हणून. ते कोणाला काही बोलले नाहीत. खुर्च्या तेवढ्याच मांडत राहिले.

तंबाखू सोडून इतका काळ लोटल्यावर जबड्यात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, असं होतं. खालचा जबडा एका बाजूनं काढला. त्याआधी आत्यांना त्यांनी फोनवर सांगितलं होतं की दाढ काढायचीय, काही दिवस बोलता येणार नाही, येऊ नको. पुढे दिरानं खरं सांगितलं तेव्हा आत्या यायला निघाल्या. यांनी मला पाटीवर लिहून दिलं, बरा झाल्यावर बोलाव. तेव्हा मी ते मान्य केलं. आता मला वाटतं, शुक्रवारीच पुरायला सांगण्यामागे शब्बाथ हे त्यांचं खरं कारण होतं, आणि ते एकटंच कारण नव्हतं. त्यांना आईला ते तोंड दाखवायचं नव्हतं.

एकदा मी आत्यांना हे सांगून पाहिलं. "चेहरा पहिल्यासारखा राहिला नव्हता, आत्या."

त्या भाकरी थापत होत्या. "जल्मला तवा तरी कुठं बरा हुता? वांग्यावाणी तोंड, नाक बसल्यालं. तवा बगितलंच की. मला कोण इचारलं हुतं का, बगतीस का म्हणून?"

त्या गावी परत गेल्या नाहीत. दीर दोनदा न्यायला आले. "पोरगं हितं हाय, मी तिकडं काय करू?" म्हणाल्या. रविवारी पहिल्यांदा त्यांना दफनभूमीत नेलं तेव्हा बाटली बरोबर होती. मी म्हटलं, इथे ओता हवं तर. त्यांनी मातीकडे पाहिलं. "मातीला कशाला? तहान त्येला लागली हुती." शेवटी यांना पाणी गिळता येत नव्हतं हे दिरानं आत्यांना सांगितलं असणार. बाटली त्यांनी घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, रक्तदाबाच्या यंत्राशेजारी.

पुढच्या महिन्यात पास्टर भेटायला आले. चांगला माणूस. आत्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आई, तो झोपलाय. प्रभू येईल तेव्हा त्याला उठवेल."

"कवा?"

"ते कोणालाच ठाऊक नाही."

"बरं. मग तवर त्येला काय कळतंय?"

"काही नाही. गाढ झोपेत कळत नाही तसं. दुःख नाही, वेदना नाही."

"मी आलते त्ये?"

"नाही, आई."

"आन् येळंला न्हाई आले त्ये?"

"तेही नाही."

मेलेल्यांना काही ठाऊक नसतं, ही आमची शिकवण. मी लहानपणापासून ती मानत आले आणि तिच्यात मला दिलासा वाटे. इतरांसारखं आम्हाला घाबरावं लागत नाही की गेलेलं माणूस कुठे तळमळत असेल. पण त्या दिवशी मी ती आत्यांच्या बाजूनं ऐकली. त्या धावत आल्या होत्या, मुलगा त्यांच्यासाठी थांबला नव्हता, आणि या दोन्हींतलं काहीच त्याच्यापाशी नव्हतं. रागवायला समोर कोणी नव्हतं.

समोरच्या घरातली बाई त्यांना म्हणाली, "तुमचं लेकरू वरनं बघतंय की सगळं." आत्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी पीठ चाळत राहिले. आत्या तिला म्हणाल्या, "आमची सून शिकल्याली हाय. खोटं बोलत न्हाई. लय अवघड बाई हाय." ती बाई हसली. पण आत्या तेव्हापासून माझ्याच उत्तराची वाट पाहत होत्या, हे मला कळत होतं. पास्टरचं त्यांनी ऐकलं ते पाहुण्याचं म्हणून. घरातल्या माणसानं सांगायचं राहिलं होतं. आणि मला एवढंच हवं होतं की खोटं न बोलता त्यांना सांगता येईल असं काहीतरी सापडावं. मी पवित्र शास्त्र पुन्हा वाचलं, यांची जुनी टिपणं वाचली. सापडलं नाही.

दर तीन महिन्यांनी आमच्यात प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याआधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. घंगाळात कोमट पाणी घ्यायचं, गुडघ्यावर बसायचं, समोरच्याचे पाय धुऊन पुसायचे. मग त्यानं आपले. मनात काही अडलं असेल तर ते तेव्हा बोलून मोकळं व्हायचं. आमच्या छोट्या मंडळीत नवराबायको जोडीनं बसत. इतकी वर्षं माझे पाय यांनीच धुतले. पहिल्यांदा धुतले तेव्हा मी शरमेनं पाय मागे ओढले होते. आपल्याकडे लग्नात जावयाचे पाय धुतात, नवऱ्यानं बायकोचे धुतलेले कोणी पाहिलेत? ते म्हणाले होते, "मेंढरांचं खूर धुणारा माणूस हाय मी, गप बस."

ते गेल्यावरचं पहिलं प्रभुभोजन आलं. बिनखमिराची भाकर मी नेहमीप्रमाणे भाजली. द्राक्षरस कंडक्टर काकांनी काढून आणला. आमच्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही. आत्या दर शनिवारी माझ्याबरोबर येत, पण आत न येता गिरणीच्या पायरीवर बसत. त्या दिवशी जोड्या बसल्या. मी घंगाळ घेऊन एकटी उरले. कंडक्टर काकांची बायको म्हणाली, "थांबा बाई, आमचं झालं की मी येते." तेवढ्यात आत्या आत आल्या आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी लुगडं जरा वर घेतलं आणि पाय पाण्यात ठेवले.

त्या पायांना टाचेपासून वरपर्यंत भेगा होत्या, करंगळीचं नख कधीचं गेलेलं. मी धुऊ लागले. त्या वाकून अगदी हळू म्हणाल्या,

"तू सांग. त्येला कळलं का मी आलते?"

मी पाय चोळत राहिले.

"पोरी, मी दुसरं काय मागत न्हाई तुला."

"कळलं, आत्या," मी म्हटलं.

"कवा?"

"तुम्ही दारात आलात तेव्हाच."

त्यांनी पाय पाण्यातून काढले. माझ्या खांद्यावरचा टॉवेल न घेता स्वतःच्या पदरानं पुसले.

"आज तुमचा वार न्हवं?"

"हो."

"त्यो ह्यो वार पाळून गेला, मला न भेटता. आन् तू त्यो बी मोडलास."

आवाज चढला नव्हता. शेजारच्या जोडीला ऐकूही गेलं नसेल. त्या उठून पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. कंडक्टर काकांची बायको घंगाळाशी आली, मी नको म्हटलं. भाकरीचं ताट फिरलं तेव्हा मी तुकडा न घेता ते पुढे दिलं. कोणी कारण विचारलं नाही. विधवेला रडू आलं असेल, असं समजले असतील.

त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न विचारलेला नाही. समोरच्या बाईजवळ सून खोटं बोलत नाही असंही त्या म्हणत नाहीत. भाकरी करतात, भांडी घासू देत नाहीत, माझं डोकं दुखलं तर आलं ठेचून देतात. पास्टरनी गेल्या वेळी सांगितलं की मंडळी अशीच थोडी राहिली तर ही खोली सोडावी लागेल. मी बरं म्हटलं.

आता शनिवारी खोली मी उघडते आणि उपदेश मी वाचते. आत्या पायरीवर बसतात. पाण्याची बाटली खिडकीत आहे. आतून हिरवी पडली आहे. ती कोणी हलवत नाही.