शनीच्या चंद्राला करडईचं तेल

शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्रावर दाट हवा आहे, हे मला दहावीत कळलं आणि माझं डोकंच फिरलं. हवा आहे म्हणजे तिथं उडता येतं! मी ताबडतोब जाहीर केलं की यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात मी त्या चंद्रावर उडणारं यंत्र मांडणार. आमच्या तीर्थपुरीत तोवर पतंगापलीकडे कुणी काही उडवलं नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर पोती शिवत बसले होते. सायन्स शिकायला जालन्याला पाठवा म्हणून मी त्यांना दोन महिने भंडावून सोडलं होतं. ते म्हणाले, "उडव. सगळ्यांदेखत शाळेच्या पत्र्याच्या वर गेलं तर जालना. न्हाई गेलं तर इथंच आर्ट्स, आणि मंग चकार शब्द काढायचा न्हाई."

"बराबर?"

"बिलकुल बराबर," मी म्हणाले.

मला आणि माझ्या मैत्रिणीला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. पतंगाचे कागद खळीनं जोडून आम्ही आमच्यापेक्षा उंच फुगा केला. खाली काडेपेट्यांचं यंत्र टांगलं. त्यात मोडक्या खेळण्यातली मोटर, एक सेल, इवलासा पंखा, आणि तिथली माती उचलायला आईचा केसांचा चिमटा. वजन बघायला सोनारकाकांकडे गेलो, तर त्यांनी ते सोन्याच्या तराजूत तोललं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "घडणावळ किती लावू?" आम्ही हसत हसत पायरीवरून पडलो.

उडत मात्र नव्हतं मेलं! शेगडीवर पत्र्याचं नळकांडं ठेवून गरम हवा भरली की फुगा ऐटीत ताठ व्हायचा, गुडघाभर उठायचा आणि फतकल मारून बसायचा. तीनदा केलं, तीनदा तेच. मैत्रीण म्हणाली, "हे तर पीटीच्या सरांसारखं करून राह्यलं." हसू येत होतं खरं, पण प्रदर्शन दुसऱ्याच दिवशी होतं.

आईला या सगळ्यातलं एकच समजलं होतं, की पोरगी शनीच्या वाटेला चालली. "लोक त्याला दारातून जा म्हणत्यात, आणि तू त्याच्या दारात जाऊन राह्यली?" असं ती रोज एकदा तरी म्हणायची.

आणि प्रदर्शन नेमकं शनिवारी! सकाळी फुगा उचलायला गेले तर बोटं बुळबुळीत. फुगाभर करडईचं तेल! आईनं कापसाच्या बोळ्यानं शेंड्यापासून खालपर्यंत नीट पुसून घेतलं होतं. वरून रुईचं पानही चिकटवलं होतं.

"अगं, काय केलंस हे!"

"शनिवार हाय. त्याच्या गावाला जायचं तर तेल नको?"

"मी जालन्याला गेलेलीच नकोय तुला! मुद्दाम केलंस तू!" मी किंचाळले. आईला मी इतकं टाकून कधी बोलले नव्हते. तिनं रुईचं पान तेवढं हळूच काढून घेतलं.

दुसरा फुगा करायला वेळ नव्हता. मैदानात अख्खी शाळा जमली, अण्णा पुढे, आई पार मागे. तेलकट कागद आणि खाली विस्तव! पेटला असता तर फुगाही गेला असता आणि माझं जालनाही. हवा भरली, पंखा चालू केला, सोडला.

गुडघा. कंबर. डोकं. अरे देवा, पत्रा! पत्र्याच्या वर, लिंबाच्या वर, गुरगुरत निघालं की आमचं यंत्र! मी आणि मैत्रीण एकमेकींच्या गळ्यात पडून नाचलो. सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते अण्णा: "जल्दी बघा! जल्दी बघा! गेलं ना!" पैज हरलेला इतका खूश माणूस मी पुन्हा पाहिला नाही. फुगा शेतांवरून दिसेनासा झाला. पुढे तो कुणालाच सापडला नाही.

विज्ञानाच्या सरांनी नंतर मला समजावलं. कागदाच्या बारीक छिद्रांतून आमची गरम हवा निसटत होती, तेलानं ती छिद्रं बुजली. मी हे आईला सांगितलं. "तेच तर म्हणून राह्यले मी," ती म्हणाली आणि माझी वळकटी बांधायला बसली. माझ्या त्या बोलण्याबद्दल मात्र मी माफी मागितली नाही. लाज वाटली.

खूप वर्षांनी पेपरात आलं की खरंच एक यान त्या चंद्रावर उतरलं. तोवर मी नोकरीला लागले होते, गावाकडं घरीही फोन बसला होता. मी धावत जाऊन आईला फोन लावला.

"आई, शनीच्या चंद्रावर यान पोचलं!"

"पोचलं एकदाचं? बाई बाई, लई दिवस लागले. मंग आता बंद करू का तेल?"

"कसलं तेल?"

"दर शनिवारी घालते की मारुतीच्या देवळात. तुमचं यंत्र गेल्तं तवापासून."

मी म्हणाले, "आई, त्या दिवशी मी तुला फार वाईट बोलले गं."

"ते ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "माझ्या चिमट्यानं माती उचलली का, ते सांग."