पेरांवरचं इंग्रजी

व्हिएतनाममध्ये लहान मुलांना इंग्रजी शिकवायची नोकरी मी घेतली, तेव्हा उज्जैनमध्ये ज्याने त्याने एकच विचारलं, तिथे खायला काय मिळतं? मुलं केवढी आहेत, त्यांना काय शिकवणार, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. फक्त बाबा म्हणाले, "वर्गात फळा आहे ना?" आहे, पण पांढरा, असं मी सांगितल्यावर ते जरा हिरमुसले.

खाण्याचं आधी सांगून टाकते. मी शाकाहारी. तिथे पौर्णिमेला आणि अमावास्येच्या सुमारास पुष्कळ लोक मांस-मच्छी सोडतात, त्यामुळे त्या दिवशी देवळाजवळच्या टपऱ्यांवर माझी चंगळ असे. मी आईला फोन करून सांगायचे, आज पौर्णिमा, आज मी जेवले. एरवी भात, उकडलेल्या भाज्या आणि वरून घरची शेव. शेव कशावरही चालते, हे माळव्यातल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. माझ्या घरमालकीणबाईंना मात्र मी ती नूडल्सवर घालते हे पाहून धक्का बसला होता. पुढे त्याच मागायला लागल्या.

शहर समुद्रकाठचं होतं. क्लास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, त्याबदली सोमवारी मी मोकळी. मग कधी बस पकडून डोंगरातल्या गावी जायचे. बसमध्ये चढताना ड्रायव्हर हातात प्लास्टिकची पिशवी ठेवतो, तीत आपले बूट काढून घालायचे आणि अनवाणी आपल्या बर्थवर जाऊन आडवं व्हायचं. पहिल्यांदा मला ते फार आवडलं. आपल्याकडच्या बसमध्ये असं केलं तर पिशवीसकट बूट कोणीतरी घेऊन उतरेल, असं बाबा म्हणाले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचे पूर्वज कधीकाळी दरबारी कारकुनीसाठी उज्जैनला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबांनी सरकारी हिंदी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तेही अर्थातच हिंदीतून. त्यांचं व्याकरण पक्कं होतं आणि अक्षर मोत्यासारखं. पण त्यांच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलेल असं माणूस त्यांना कधी भेटलं नाही. शाळेत सगळे हिंदी बोलणारे आणि टॉवर चौकात भाजीवाल्याशी इंग्रजीत घासाघीस कोण करणार?

त्यांची एक पद्धत होती. शाळेतली पोरं इंग्रजी बोलताना मधले बारके शब्द गिळून टाकत किंवा अर्ध्यावर अडकत. म्हणून बाबा त्यांना जपासारखी बोटांची पेरं धरायला लावायचे. एकेका पेरावर एकेक शब्द. अंगठा पेरावर ठेवल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचा नाही आणि पेर सोडून पुढे उडी मारायची नाही. मीही तशीच शिकले आणि व्हिएतनामच्या मुलांनाही तसंच शिकवलं. त्यांच्या आज्यासुद्धा पेरांवरच हिशेब करत, त्यामुळे मुलांना त्यात काही नवल वाटलं नाही.

एका मुलीला तर त्याचा फारच उपयोग झाला. नऊ वर्षांची, पंख्याखालच्या कोपऱ्यात बसणारी. लिहायला दिलं की सगळं बरोबर, बोलायला उभी केली की दातखीळ. अंगठा पेरावर टेकला की मात्र सावकाश का होईना, बोलायची. मला ती मुलगी फार आवडत असे. मास्तरणीने असं म्हणू नये, पण आवडत असे.

क्लासच्या संचालकबाईंना ही पद्धत पसंत नव्हती. त्यांच्या मते ती जुनाट दिसते आणि पालक पैसे मोजतात ते गाणी आणि खेळांसाठी. खरी अडचण पेरांची नव्हती, माझी होती. काही पालकांना इंग्रजीची बाई गोरी हवी होती. संचालकबाईंनी मला हे तोंडावर सांगितलं, चहा देऊन. त्यांनी लपवाछपवी केली नाही, याबद्दल मी त्यांना मानते. पण त्या दिवशी खोलीवर जाऊन मी रागाने भांडी आपटली हेही खरं.

तशातच बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी रजा घेऊन आले. विमान, दुसरं विमान, मग इंदूरहून बस. नानाखेड्याला उतरून रिक्षा केली आणि माधवनगरला घरी पोचले. तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं, बाबा काळा चष्मा लावून पलंगावर बसलेले. म्हणाले, "ये. दिसत काही नाहीये, पण तू वाळली आहेस."

पाठोपाठ संचालकबाईंचा निरोप आला. येत्या रविवारी पालकांसमोर नमुन्याचा वर्ग घ्यायचा होता, तो मी उज्जैनहून ऑनलाइन घ्यायचा. मुलं तिथे वर्गात, मागे पालक, मोठ्या पडद्यावर मी. मदतीला एक नवा तरुण हजर राहील. वर्ग संपल्यावर पालक ठरवतील, मुलं माझ्याकडेच ठेवायची की त्या तरुणाकडे द्यायची. तो युरोपातल्या कुठल्याशा देशाचा होता, त्यानेही इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकून घेतलेलं. पण तो गोरा होता, एवढं पुरे होतं. निरोपाच्या शेवटी सूचना होत्या. मागे पांढरी भिंत हवी. घरातले आवाज नकोत. आणि पेरं नकोत.

आमच्या घरात नेट फक्त बाबांच्या खोलीत नीट चालतं. तिथली भिंत पोपटी. मी दोरी बांधून पांढरी चादर टांगली आणि बाबांचा पलंग चादरीच्या पलीकडे गेला. तिथल्या साडेनऊला इथे आठ वाजतात आणि रविवारी आठला आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणं वाजवत येते. आईने सांगितलं, "तू घाबरू नकोस, मी बादली घेऊन नुक्कडवरच उभी राहते. त्याला म्हणते, भैया, आज गाना बंद, मेरी बेटी की परीक्षा है." आणि ती खरोखर गेली.

बाबांना मी सगळं सांगितलं होतं, गोऱ्या तरुणासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पेरं नको म्हणतात? मग बोलताना पोरांनी धरायचं कशाला?" मग म्हणाले, "चालू दे तुझं. मी बिलकुल चूप बसतो."

वर्ग सुरू झाला. गाणं झालं, खेळ झाला. तो तरुण मुलांमधून फिरत होता, सगळ्यांकडे बघून हसत होता आणि पालक माझ्यापेक्षा त्याच्याचकडे बघत होते. ही नोकरी जाऊ नये असं मला किती वाटतं, ते तोवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी प्रत्येकाने उभं राहून आपल्याविषयी एक वाक्य बोलायचं होतं. पंख्याखालची मुलगी उभी राहिली. मागे तिची आजी, जरा पुढे सरकून बसलेली. मुलगी म्हणाली, "माय..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "माय..." कोणीतरी पालक खाकरला. तिने पडद्यावर माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात टेबलाखाली ठेवले होते. संचालकबाई दारात उभ्या होत्या.

तेवढ्यात चादर हलली. बाबांना लॅपटॉपचा पडदा दिसत नव्हता, डॉक्टरांनी बघायचीच मनाई केली होती. पण अडकलेल्या पोराची शांतता त्यांनी जन्मभर ऐकली होती, ती ऐकून ते उठले असणार. चादरीच्या कडेने आधी त्यांचा उजवा हात आला, अंगठा पहिल्या पेरावर. मग काळा चष्मा, मग चुरगळलेला सदरा आणि मग सगळे बाबा.

वर्ग खदखदून हसला. संपलं आता, असं मनात आलं आणि बाबांचा इतका राग आला की विचारू नका. पण ती मुलगी हसत नव्हती. तिने हात वर केला, अंगठा पेरावर ठेवला आणि एकेक पेर पुढे सरकत म्हणाली, "माय ग्रँडमदर ब्रिंग्ज मी हियर ऑन हर स्कूटर." मागे आजीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तिला वाक्य कळलं नसेल, पण नात बोलली हे कळलं.

मग मुलीने, आपण होऊन, कोणी न सांगता, बाबांना विचारलं, "हू आर यू?"

बाबा उभेच राहिले. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, आणि त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी इंग्रजीत खराखुरा प्रश्न विचारला होता. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटेना. मी हळूच मराठीत सांगितलं, "बाबा, ती तुम्ही कोण असं विचारते आहे." ते तितक्याच हळू म्हणाले, "कळलंय गं."

पडद्यावर मुलीने हात पुढे केला होता. अंगठा पहिल्या पेरावर धरून ती त्यांच्यासाठी थांबली होती. बाबांना ते दिसलं नाही. पण त्यांचा स्वतःचा अंगठा पेरावर तसाच राहिला होता, तो त्यांना सापडला. एकेक पेर दाबत ते म्हणाले, "आय... अ‍ॅम... हर... फादर."

टाळ्या आधी त्या तरुणाने वाजवल्या, मग मुलांनी. पालकांचं मला कळलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला नाक पुसायला चादरीशिवाय काही सापडत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत निरोप नव्हता. बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते. आईने रात्रीसाठी खिचडी टाकली. दोनदा त्यांनी विचारलं, "आला का गं फोन? माझ्यामुळे तुझं काही बिगडलं तर नाही ना?" मी नाही म्हटलं, पण मलाही खात्री नव्हती.

दिवे लागायच्या वेळी संचालकबाईंचा संदेश आला. वर्ग माझ्याकडेच राहणार होता, बहुतेक पालकांनी तसं सांगितलं होतं. पेरांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. फक्त त्या मुलीच्या आजीने विचारलं होतं, काळ्या चष्म्यातले ते आजोबाही शिक्षक आहेत का?

मी बाबांना वाचून दाखवलं. ते उठून बसले.

"मग तू काय लिहिलंस?"

"लिहिलं, हो, शिक्षकच आहेत. रिटायर्ड."

बाबा काळा चष्मा नीट बसवत म्हणाले, "रिटायर्ड लिहायची काय गरज होती?"