उजव्या हाताचं पिस्तूल

कोर्टाच्या मागच्या दारावर कमरेला पिस्तूल लावून उभी राहणारी ती पोलीस बाई सगळ्या ठाण्यात ‘डावखुरी’ म्हणूनच ओळखली जायची. सही डाव्या हाताने, चहाचा कप डाव्या हातात, कैद्याचा दंड धरायचा तरी पुढे यायचा तो डावाच हात. फक्त पिस्तूल उजव्या हातात. एकोणीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी नेमबाजीच्या उस्तादांनी तिच्या डाव्या हातातलं पिस्तूल काढून उजव्यात दिलं होतं. “पिस्तूल उजव्या हाताचं असतं,” असं म्हणाले होते, सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तसं. एरवी ही बाई एवढी चौकस, की बंद पडलेलं घड्याळ दुकानात नेण्याआधी स्वतः उघडून बघायची. पण या एका बाबतीत तिने कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही.

दरवर्षीच्या परीक्षेत दहापैकी पाच-सहा गोळ्या लागायच्या आणि ती काठावर सुटायची. यंदा नियम बदलला. दहापैकी सात लागायला हव्यात, तेही मध्ये एकदा गोळ्यांचं मॅगझिन बदलून, तीस सेकंदांत. पहिल्या फेरीत तिच्या चार लागल्या.

“तीन आठवड्यांनी आणखी एक संधी. तीच शेवटची,” उस्ताद म्हणाले. “नाही जमलं तर पिस्तूल जमा करायचं आणि आवक-जावकच्या टेबलावर बसायचं.”

दारावर उभं राहणं तिला मनापासून आवडायचं.

भोकं पडलेला कागद घेऊन ती घरी आली. नवरा सुतार. तो अंगणात फळी रंधत होता. त्याने कागद उजेडात धरला. “सगळी भोकं एकाच कोपऱ्यात? मग हात वाईट नाही तुझा. बघण्यातच काहीतरी घोळ आहे.” त्याने फळी तिच्यापुढे केली. “ही कड सरळ आहे का, बघ बरं.”

तिने फळी डोळ्यांसमोर धरली.

“डोळा कुठला मिटलास?”

“उजवा.”

“आणि पिस्तूल कुठल्या हातात धरतेस?”

“उजव्या.”

“म्हणजे हात एका गावाला आणि डोळा दुसऱ्या गावाला! एवढी वर्षं मान वाकडी करून नेम धरतेस की काय?”

तिने कपाळावर हात मारून घेतला. उस्ताद दरवर्षी “मान सरळ!” म्हणून का खेकसतात, ते तिला आत्ता कळलं.

दुसऱ्या दिवशी ती उस्तादांपुढे उभी राहिली. डाव्या हाताने परीक्षा देईन म्हणाली. उस्ताद उखडलेच. “मॅगझिन सोडायचं बटण डाव्या अंगाला असतं, उजव्या अंगठ्यासाठी. तुझा अंगठा राहणार पलीकडे. गोळी सुटली की रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, ती जाणार तुझ्या नाकासमोरून. हे काय डाव्या हाताचा मळ वाटलं का तुला?”

“पण उस्ताद, नियमात ‘उजवा हात’ असं लिहिलंय का?”

उस्तादांनी चष्मा लावून नियमांचं पुस्तक चाळलं. सगळीकडे ‘शस्त्र धरलेला हात’ एवढंच होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. “कर काय करायचं ते. घड्याळ काही तुझ्यासाठी थांबणार नाही.”

नवऱ्याने लाकडाचं पिस्तूल करून दिलं, बटणाच्या जागी खिळ्याचं डोकं ठोकून. स्वयंपाक उरकला की ती ते घेऊन बसायची. अंगठा पलीकडून पोचायचा नाही. पकड फिरवली तर पिस्तूल सुटायचं. तीन संध्याकाळी ती नुसतीच वैतागली. चौथ्या दिवशी तिचं लक्ष गेलं पहिल्या बोटाकडे. ट्रिगरवरून काढून बाजूला ठेवलेलं ते बोट खिळ्याच्या अगदी जवळ पडलं होतं. तिने ते जरासं वाकवलं, आणि टोक बरोब्बर खिळ्यावर बसलं.

“अहो, इकडे या, हे बघा!” ती जवळजवळ ओरडलीच. “बोट बटणावर आहे ना, म्हणजे ते ट्रिगरवर असूच शकत नाही. उजव्या हाताची माणसं अंगठ्याने मॅगझिन सोडतात आणि त्यांचं बोट तसंच ट्रिगरवर राहतं. उस्ताद ‘बोट बाहेर!’ म्हणून दरवेळी घसा कोरडा करतात, ते त्यासाठीच तर!”

ज्या हाताला आजवर अडचण समजली, त्याची ही हुशारी बघून तिला एवढा आनंद झाला, की परीक्षेची भीती घटकाभर विसरली.

परीक्षेच्या दिवशी डाव्या कमरेला नवं होल्स्टर होतं. शिट्टी वाजली, आणि तिचा उजवा हात सरळ उजव्या कमरेवर गेला. तिथे काहीच नव्हतं. दोन-तीन सेकंद असेच गेले. मग डाव्या हाताने पिस्तूल उपसून तिने गोळ्या झाडायला सुरुवात केली. दुसऱ्याच गोळीची गरम पुंगळी नेमबाजीसाठी लावलेल्या संरक्षक चष्म्याला घासून गेली, ती दचकली, आणि पुढची गोळी हुकली. पाचवी सुटताच बोटाने बटण दाबलं. मॅगझिन खाली पडलं, दुसरं चढलं, आणि बुडालेले सेकंद भरून निघाले. शेवटची गोळी आणि वेळ संपल्याची शिट्टी एकदमच झाली.

आठ लागल्या होत्या. तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

उस्ताद कागद बघून परत आले. “ते बोट कुठे ठेवलंस? परत दाखव.” तिने रिकाम्या पिस्तुलावर दाखवलं. त्यांनी पिस्तूल स्वतःच्या डाव्या हातात घेऊन दोनदा, तीनदा करून पाहिलं.

परीक्षेला आलेल्या तीस जणांची रांग समोर उभी होती. “तुमच्यात मूळचे डावरे किती आहेत?” उस्तादांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. “मी ज्यांना उजव्यावर आणलं ते. रागावत नाही. हात वर करा.”

आधी कुणी हलेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा. डावखुरीनेही केला. उस्ताद मोजत रांगेच्या टोकापर्यंत गेले, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. पाच जणांचे हात वर होते. पाचही उजवे. डावखुरीचासुद्धा.