लिंडक्विस्टच्या अंगणातली पाटी

आमच्या गल्लीच्या टोकाला डुएन लिंडक्विस्ट राहतो. धंदा गालिचे विकण्याचा, पण जीभ वळवळते ती कॉलेजच्या प्रवेशावर. रविवारी प्रार्थना संपून माणसं चर्चच्या तळघरात कॉफीला जमली की हा कुणाच्या तरी पोराला कोपऱ्यात गाठणार आणि ज्ञान पाजणार, "अकरावीपर्यंतचेच मार्क बघतात रे. बारावी म्हणजे नुसती शोभा!" हा गृहस्थ स्वतः कॉलेजात अडीच महिने टिकला, हे सगळ्यांना ठाऊक. तरी सगळे मान डोलावत. तोंडावर कुणाला मूर्ख म्हणायचं नाही, हा आम्हा मिनेसोटाकरांचा जन्मजात आजार.

गेल्या डिसेंबरात त्याच्या बारावीतल्या मुलीला, ब्रिटाला, वर्ष संपायच्या आधीच एका नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. अंधार पडायच्या आत गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर लागलं आणि गोठलेल्या जमिनीत पहारीनं भोक पाडून अंगणात कॉलेजच्या नावाची पाटी रोवली गेली. लेकीच्या शिक्षणासाठी बापानं घाम गाळला तो एवढाच.

शाळेत प्रवेशाचं काम बघणाऱ्या टोरकल्सनबाईंनी त्याला फोन करून बजावलं होतं, "पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलंत ना? प्रवेश अटीवर आहे. वर्षअखेरचे मार्क जूनमध्ये आम्ही त्यांना पाठवतो."

"पाठवा की बाई! लावत असतील फायलीला."

फेब्रुवारीत ब्रिटा म्हणाली, "बाबा, उद्या फिजिक्सची परीक्षा आहे."

"प्रवेश खिशात आहे ना? मग कसली परीक्षा! चल, तळ्यावर जाऊ."

आणि बापलेक गोठलेल्या तळ्यावर भोकात गळ टाकून दिवसभर बसली. पोरगी काही बावळट नव्हती, पण अठराव्या वर्षी बापच आळसाला परवानगी देतोय म्हटल्यावर कोण सोडतंय? वर्ष संपलं तेव्हा मासे सतरा झाले होते आणि फिजिक्समध्ये 'डी' मिळाला होता, म्हणजे नापास होता होता वाचली.

जुलैत कॉलेजचं पत्र आलं: मार्क इतके का घसरले ते दहा दिवसांत लेखी कळवा, तोवर तुमचा प्रवेश स्थगित आहे.

ब्रिटाचं तोंड पांढरंफटक पडलं. डुएनचं मात्र नाही. त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून खुलासा खरडला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, "फेब्रुवारीत लाडक्या आजीच्या निधनानं माझी मुलगी खचून गेली होती..."

लाडकी आजी, म्हणजे डुएनची आई एल्विरा, समोरच पावाला लोणी लावत बसली होती.

"मी कधी मेले रे, डुएन?"

"अगं आई, कागदावर फक्त. घे ना चालवून!"

"फेब्रुवारीत? मग तुमचे सतरा मासे तळले कुणी?"

"बाबा, मी यावर सही करणार नाही," ब्रिटा म्हणाली.

"मग बस घरी! विक गालिचे माझ्यासारखी!"

पोरगी उठली. टोरकल्सनबाईंना विचारून त्याच दिवशी तिनं उन्हाळी वर्गात फिजिक्सला नाव घातलं, आणि कॉलेजला चार ओळी लिहिल्या: प्रवेश मिळाल्यावर मी अभ्यास सोडला, कारण तेवढंच, आता विषय पुन्हा घेतला आहे. त्यात बापाचं नाव नव्हतं. एवढी दया दाखवावी अशी त्याची लायकी नव्हती, पण तिनं दाखवली.

उत्तर आलं. फिजिक्समध्ये निदान 'बी' मिळवा, मग जागा मिळेल, तीही सप्टेंबरात नाही, जानेवारीत. ऑगस्टमध्ये तिनं 'ए' आणला.

मैत्रिणी सामान भरून कॉलेजला गेल्या. ब्रिटा घरीच. डुएननं पाटी गुपचूप गॅरेजमध्ये ठेवली आणि आम्हाला सांगितलं, रंग द्यायला काढलीय. आम्ही मान डोलावली.

सप्टेंबरातल्या एका रविवारी, हातात कॉफी, समोर नव्यानं बारावीत गेलेला एक पोरगा. डुएन बोटं नाचवत सांगत होता, "बारावीचे मार्क? अरे, त्यावरच सगळं! आमच्या घरात मी पहिल्यापासून हेच सांगत आलोय."

ब्रिटानं कपात तोंड खुपसलं.

"अगदी खरं," शेजारच्या टेबलावरून एल्विराबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी मरेपर्यंत हेच सांगत होता."