अंगणातला वळसा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. भोरला ऑफिसात कुणी भुताखेताचं सुरू केलं, की मी डबा उचलून सरळ दुसऱ्या टेबलावर जाते. तरी हे लिहितेय, कारण महिनाभर डोक्यातून जातच नाहीये...

आमचं घर किकवीजवळ. फाटकापासून दारापर्यंत जुना काँक्रीटचा कोबा होता — भेगाळलेला, शेवाळलेला. त्यावर घसरून आत्यांचा — सासूबाईंना मी आत्याच म्हणते — हात मोडला, तेव्हा मी हट्टच धरला की पेव्हर ब्लॉक घालायचे. वेल्ह्याकडचे मिस्त्री आले, चार ठिकाणी ठोकून बघितलं.

"ताई, उकरायचं काय कारण न्हाई. खालचं लई पक्कं हाय. वर दगडाची बारीक कच पसरून ब्लॉक बसवू."

आत्यांनी दोनदा विचारलं, "नक्की उकरनार न्हाई ना?" मला वाटलं, धुळीला कंटाळल्यात.

त्या कोब्यात, अगदी दाराच्या वाटेवर, एक वेगळ्या रंगाचं लांबट ठिगळ होतं. घरातले सगळे त्याला वळसा घालून जायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही. का, ते कधी विचारलं नाही. आता ते झाकलं गेलं. सगळं अंगण एकसारखं राखाडी झालं.

तिसऱ्या दिवशी गॅसवाला आला. नवीन माणूस, पहिल्यांदाच आलेला. खांद्यावर भरलेलं सिलिंडर, आणि सरळ यायचं सोडून तो वळसा घालून आला! मग बचत गटाच्या बाया आल्या... सहाच्या सहा जणी, एकीमागून एक, तिथंच वळल्या. मी मिस्त्रींना बोलावून लेव्हल तपासायला लावली. तसूभर फरक नव्हता. जाताना तेही वळले.

"मिस्त्री, वळून का गेलात?"

"कुठं वळलो? सरळ तर चाललो की!" त्यांना रागच आला.

माझं कशात लक्ष लागेना. ऑफिसात बसलं तरी मन अंगणात. आमचे हे हसायचे, "आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकीट लाव." शेवटी एका रविवारी सकाळी मी चिडून बरोबर त्याच जागी खुर्ची टाकली आणि मटार सोलायला बसले.

आत्या दारात आल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "हितनं ऊठ गं बाय."

"का, पण?"

त्या उंबऱ्यावर बसल्या. मग सांगू लागल्या. घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा सगळे याच जागी छपरात राहायचे. छपराखाली बाजेवर त्यांची थोरली, सुमन, तापानं पडलेली. सहा वर्षांची. आमच्या ह्यांचा तेव्हा जन्मही नव्हता. कोब्याचा माल कालवून तयार, गवंडी म्हणाले बाज हलवा.

"म्या म्हनलं, आत्ता कुठं डोळा लागलाय, तिला उठवू नगा. त्यांनी बाजंच्या कडंनी कोबा केला. चौथ्या दिवशी बाज रिकामी झाली... मग तेवढं मागनं भरलं."

मटाराचं ताट मांडीवर तसंच.

"ब्लॉक घातलं तवा जीवाला घोर लागला, आता तिची जागा कुनाला कळायची न्हाई. कुनीबी पाय दील." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पर समदी वळून जात्यात गं. म्या रोज हितं बसून बघती."

मी खुर्ची उचलली. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

घरच्यांची सवय म्हणावं, तर बाकीच्यांचं काय? परवा दुपारी कुरिअरवाला आला, फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत. त्या जागेपाशी वळला... आणि तेवढ्यापुरता त्यानं आवाज खाली आणला, निजलेल्या लेकराजवळून जाताना आणतात तसा.